अदलाबदल करून वाचावे

यंदाच्या सादळीनं माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांची लेबलं गळाली. एकेक करून नाही, घरातली माणसं लग्नाला निघावीत तशी सगळी एकदम. सकाळी पाहते तर फळीवर बरण्या उघड्याबोडक्या, आणि खाली ओट्यावर 'मीठ', 'पिठीसाखर', 'खायचा सोडा' असे कागद पालथे पडलेले. चष्मा शोधायचा कंटाळा. अंदाजानं लावून टाकले परत. दुपारी सूनबाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, हा चहा नक्की कुणासाठी केला होता?"

"का गं?"

"नाही, त्या माणसावर तुमचा काय राग आहे ते विचारायचं होतं."

पाऊस पडतो तो हंगाम वेगळा आणि सादळतं तो वेगळा, असं माझं मत आहे. पाऊस सगळ्यांना दिसतो. सादळ मात्र चोरपावलांनी घरात येते. जुन्नरात आषाढ सरता सरता किल्ला ढगात जातो तो दिवस दिवस बाहेरच येत नाही. मग पापड माना टाकतात, काडेपेटीची काडी ओढली की गुल पेटीलाच चिकटून राहतो, कपाटाचे खण फुगतात आणि उघडायला नकार देतात. माणसंही जराशी फुगतात. आणि या सगळ्यात मला मात्र एक वास येतो, जो घरात कुणालाच येत नाही. शिजवलेल्या मैद्याचा, त्यात कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाचा, आंबूस, हिरवट वास. खळीचा.

ही खळ माझ्या अर्ध्या आयुष्याला चिकटलेली आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी म्हणजे एक प्रकरणच होते. कडक खळीची साडी, खांद्याला पिन, अंबाड्यात पेन आणि अंगात ग्रंथालयशास्त्राची पदवी. एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत माझं ग्रंथालय होतं. कुणी "ती लायब्ररीवाली बाई" म्हटलं की मी मान ताठ करून दुरुस्ती करायची, "ग्रंथपाल, शासकीय प्रकाशने." समोरचा घाबरून "बरं बरं" म्हणायचा आणि निघून जायचा. त्यामुळे माझ्या ग्रंथालयात शांतता फार छान होती.

त्या खोलीत एकही गोष्टीचं पुस्तक नव्हतं. जनगणनेची जाडजूड पुस्तकं, अंदाजपत्रकं, पाटबंधाऱ्यांचे अहवाल, आणि भिंतभर राजपत्रं, म्हणजे लोकांच्या तोंडी 'ग्याझेट'. सरकारला जे काही जगाला सांगायचं असतं ते त्यात छापून येतं: कुठली जमीन कालव्यात गेली, कुठला कायदा बदलला, आणि कुणी आपलं नाव बदललं. एकदा एक निवृत्त मास्तर वाचायला काहीतरी द्या म्हणून हटून बसले. मी त्यांना एक पाटबंधारे अहवाल दिला. आठवड्यानं परत आणला आणि म्हणाले, "चांगलं आहे, पण शेवट कळला नाही." ते थट्टा करत होते हे मला त्या वेळी कळलं नाही. मी त्यांना गंभीरपणे पुढचा खंड दिला.

राजपत्र छापताना चुका होतात. मग पुढे कधीतरी शुद्धिपत्रक येतं: अमुक पानावर 'तमुक' याऐवजी 'ढमुक' असे वाचावे. ते कापायचं आणि चुकलेल्या जागी नेऊन चिकटवायचं, हे माझं मुख्य काम. त्याचाही नियम होता. खळ फक्त एका कडेला लावायची. चिठ्ठी दारासारखी उघडता आली पाहिजे, म्हणजे ती उचलून खालचं मूळ छापलेलं वाचता येतं. सरकार आपली चूक पुसत नाही, तिच्यावर नुसतं झाकण ठेवतं. मला हा नियम तेव्हा अजिबात पटायचा नाही. चूक ती चूक, खोडून टाका की, असं मी म्हणायची. त्या वयात मला सगळंच खोडता येईलसं वाटत होतं.

आणि मला टापटिपीचं वेड. प्रत्येक चिठ्ठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ही दुरुस्ती कुठल्या तारखेच्या अंकाची ते. ती ओळ मला फार कुरूप दिसायची. मी ती कात्रीनं कापून टाकायची, म्हणजे चिठ्ठी पानावर कशी सुबक बसायची! कुणी तरी येईल, पाहील आणि म्हणेल, काय सुंदर शुद्धिपत्रकं लावलीत बाई, अशी मला मनातून आशा होती. तसं कुणी कधी आलं नाही.

मग एका श्रावणात सादळ अशी आली की खळीनं हातच सोडले. एका सोमवारी कुलूप उघडलं तर जमिनीवर, टेबलावर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. उंबराखाली फळं पडावीत तशा. एक उचलली: "'उंट' याऐवजी 'ऊस' असे वाचावे." दुसरी: "'विवाहित' याऐवजी 'विवादित' असे वाचावे." तिसरी: "'नाही' हा शब्द वगळावा." कुठल्या पानावरचा 'नाही'? कुठल्या अंकातला उंट? कापलेल्या ओळी तर मी स्वतःच्या हातानं केराच्या टोपलीत टाकलेल्या. मी त्या ढिगात बसले आणि शिपाईभाऊंना म्हटलं, "आता कसं करायचं हो?"

ते 'विवाहित'ची चिठ्ठी वाचत होते. म्हणाले, "बाई, ही मी घरी नेऊ का? आमच्या दारावर लावतो."

तो सगळा महिना माझ्या डोक्यातही तसाच पडलेला आहे, चिठ्ठ्या चिठ्ठ्यांनी, कुठली कुठे लावायची ते न कळता. शेजारचा आंबेगाव तालुका घ्या. त्याचं आंबेगाव आहे कुठे? धरणाच्या पाण्याखाली. कचेरी घोडेगावात. आजही रोज हजार कागदांवर 'तालुका आंबेगाव' असं लिहिलं जातं, आणि ज्या गावाच्या नावानं लिहिलं जातं तिथे मासे फिरतात. मी तेव्हा जनगणनेच्या पुस्तकात ते नाव काढून तासन् तास बघत बसायची. याची चिठ्ठी कुठे लावायची? गावावर की पाण्यावर?

अशाच एका ओल्या सकाळी सुजाता आली. खोडदची, विशीतली, डी.एड. झालेली. केसांची घट्ट वेणी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. तिच्यामागे तिची आजी, हातात काळी छत्री, पायपुसण्यावर पाय दोनदा पुसून आत आलेली.

"बाई," सुजाता म्हणाली, "माझं ग्याझेट उलटं छापलंय."

"उलटं म्हणजे? पान उलटं?"

"नाही हो. मी उलटी."

तिचं जन्माचं नाव दगडाबाई. शाळेच्या सगळ्या दाखल्यांवर तेच. मोठी झाल्यावर तिनं अर्ज करून, शपथपत्र देऊन नाव बदलून घेतलं, सुजाता. पण राजपत्रात रकान्यांची उलटापालट झाली. जुने नाव सुजाता, नवे नाव दगडाबाई. तिला जिल्ह्यात शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि नेमणुकीचा कागद होता सुजाताच्या नावाचा.

"तिथले साहेब म्हणतात, राजपत्राप्रमाणे सुजाता नावाची बाई आता उरलीच नाही. तिची दगडाबाई झाली. मग हजर कोण होणार?" ती हसत हसतच एकेक कागद माझ्या टेबलावर मांडत गेली. "दुरुस्ती निघाली होती बाई. मला पोस्टानं कळवलंवतं. तुमच्याकडे लावलेली असेल. त्या पानाची तेवढी नक्कल द्या. सोमवारी दाखवली नाही तर खालच्या नंबरच्या मुलीला घेणार आहेत."

मी ढिगाकडे पाहिलं. ढिगानं माझ्याकडे.

आम्ही दोघी जमिनीवर बसून चिठ्ठ्या चाळायला लागलो. आजी खुर्चीवर बसून पाहत होती. बऱ्याच वेळानं सुजाताच्याच हाती लागली: "अनुक्रमांक ९ मधील जुने नाव व नवे नाव यांची अदलाबदल करून वाचावे." ती जवळजवळ ओरडलीच. तिचा नंबर नऊच होता. मी खूश होऊन पान काढलं, आणि मग माझ्यातल्या ग्रंथपालानं घात केला. म्हटलं, खात्री करून घ्यावी. इतर अंकही काढले. तर दुसऱ्या एका अंकातही नववी नोंद तशीच: जुने नाव प्रशांत, नवे नाव पोपट. गाव निरगुडसर.

चिठ्ठी एक. उलटी माणसं दोन.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब शांत गृहस्थ, ते फक्त नियम बोलायचे. "सुटी चिठ्ठी म्हणजे कागदाचा कपटा. चिकटलेली असेल त्याच पानाची नक्कल देता येईल."

"पण साहेब, कुठल्या पानावर चिकटवू? दोन्ही नोंदी उलट्या दिसतात. प्रशांतचा पोपट कोण करून घेईल?"

"कशावरून कोणी घेणार नाही?"

मी परत आले तर खोलीत वेगळंच चाललं होतं. चिठ्ठी सुजाताकडे नव्हती. आजीनं घेतली होती आणि कमरेच्या चंचीत घातली होती.

"आजी, दे ना गं."

"न्हाई देत. सरकारनं बरोबर छापलंय. दगडाबाईच हाय तू."

"आजी, सोमवारी हजर व्हायचंय मला!"

"मंग हो की. दगडाबाई म्हणून हो. दगडाबाईला शिकवता येत न्हाई का? बारखडी लई अवघड जाती का तिला?"

मी माझ्या त्या पिनवाल्या आवाजात म्हटलं, "आजी, ते शासकीय कागदपत्र आहे. असं ठेवून घेता येत नाही."

आजी माझ्याकडे वळली. "बाई, तुमची किती लेकरं?"

"एक. मुलगा."

"जगलंय न्हवं? मंग तुमी गप बसा." आणि मग, खालच्या आवाजात, "हिच्या आधीची गेली हो. हातात घ्यावं न् गार पडावं. शेवटी मी म्हणलं, आता असं नाव ठेवते का मरणालाबी उचलावंसं वाटू नये. दगुड कोण उचलतंय? अन् ही राह्यली."

"आजी, आपण बौद्ध आहोत," सुजाता म्हणाली. हे भांडण त्यांच्यात नवं नसावं, कारण तिचा आवाज दमलेला होता. "आपण असलं काही मानत नाही."

"मी कुठं मानते? गावात दीक्षा झाली तवा हिच्या बापाला बोटाला धरून मी सगळ्यांच्या म्होरं उभी व्हते. समदं सोडलं. देव सोडले, उपास सोडले. पण भ्या कसं सोडायचं त्ये कोणी शिकवलंच न्हाई." तिनं चंचीवर हात दाबून धरला. "आमच्या शिवारात दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या उभ्या केल्यात, आभाळाचं ऐकाया. अन् हितं मी म्हातारी कवाची बोलतीय, तर माज्या घरात कोणाला ऐकू येत न्हाई. ती चिठ्ठी आपसूक गळून पडली, बाई. कोणी उपटली का? न्हाई. मंग?"

मला हसू येत होतं. अडाणी म्हातारी, मनात म्हटलं. मनातच म्हटलं, एवढी अक्कल होती. पण दुसरीकडे सुजाताचा चेहरा पाहवत नव्हता. ती भिंतीला टेकून उभी होती आणि वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. दोघींपैकी चूक कोण, हेच मला कळेना. आणि चूक कोण हे कळलं नाही तर मी काहीच करू शकत नसे. माझी सगळी नोकरीच त्यावर उभी होती.

"ह्ये चिकटवलं," आजीनं विचारलं, "का मंग दगडी मेली म्हणायची?"

आणि तेव्हा मी, अगदी कोरडेपणानं, परीक्षेत उत्तर लिहावं तसा, तो नियम सांगितला. खळ एकाच कडेला लावतात. चिठ्ठी वर बसते. खालचं छापलेलं तसंच राहतं, कुणालाही उचलून वाचता येतं. मी एक जुनं पान काढून दाखवलं. आजीनं तिथली चिठ्ठी नखानं उचलली, खाली पाहिलं, सोडली. परत उचलली. वाचता येत नव्हतं तिला, पण खाली काळी अक्षरं आहेत एवढं दिसत होतं.

"म्हंजी वरून सुजाता, आतून दगडी?"

"हो."

"अन् सरकारात ठाऊक राहतंय, आत हाय म्हणून?"

"कायमचं."

तिनं चंची सोडली. चिठ्ठीला चुन्याचा डाग पडला होता. "आणा तुमची ती खळ. मी चिकटवते."

नियमात ते बसत नव्हतं. पण मी वाटी पुढे केली. तिनं बोटानं एका कडेला खळ लावली, फक्त एकाच, आणि अंगठ्यानं दाबून धरलं. बराच वेळ धरलं. अंगठा काढला तेव्हा कागदावर मोरचुदाचा हिरवट ठसा उमटला होता. नकलेवर सही करताना साहेबांनी भुवया उंचावल्या, "हा अंगठा कुणाचा?"

"साक्षीदाराचा, साहेब," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा नियमाबाहेरचं बोलले आणि मला ते इतकं आवडलं की पुढे ते थांबलंच नाही.

सुजाता सोमवारी हजर झाली. पुढे पेढे घेऊन आली तेव्हा आजी बाहेरूनच ओरडत होती, "दगडे, छत्री इसरू नको!"

पण माझं डोकं काही शांत झालं नाही. तो निरगुडसरचा प्रशांत माझ्या मनात येऊन बसला. सादळ आली की मला तो दिसायचा, कुठल्या तरी खिडकीसमोर हातात कागद घेऊन उभा, आणि आतून कारकून विचारतोय, "काय हो पोपट?" एका बाईला सरळ करताना मी एका माणसाला कायमचं उलटं ठेवलं की काय? घरच्यांना विचारलं तर ते म्हणाले, झोप आता.

नवं शतक लागलं आणि माझ्या खोलीत संगणक आले. राजपत्रं पडद्यावर आली. शुद्धिपत्रकाची चिठ्ठी कापायची नाही, खळ शिजवायची नाही, चिकटवायचं नाही. माझी कपाटं बांधून कुठल्याशा गोदामात निघाली, तेव्हा एक पन्नाशीचे गृहस्थ आले. टोपी, धोतर, खिशात मोबाइल. नाव बदललेल्याचं जुनं पान हवं होतं, पासपोर्टसाठी. मुलगा परदेशी होता.

"नाव?"

"पोपट. निरगुडसर."

मी हातातली दोरी बाजूला ठेवली. म्हटलं, आली वेळ. मी त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, आणि अपराध्यासारखी म्हणाले, "पोपटराव, तुमचं नाव, ते तसं छापलं गेलं..."

"लई बेस छापलंय की! एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

"म्हणजे तुमचं मूळ नाव प्रशांत होतं?"

"व्हतं ना. आत्यानं ठेवलंवतं, शहरातली ती. पण मला कोणी प्रशांत म्हणलं का मी मागं वळून बघायचो, कोणाला हाक मारत्यात म्हणून. आज्याचं नाव पोपट. आज्यानं मला वाढवलं. त्यो गेल्यावर म्हणलं, नाव तरी राहू द्या घरात." ते हसले. "कारकून चारदा इचारत व्हता, उलटं तर नाय ना लिव्हलं? म्हणलं, राव, तुमी लिवा. आमी सरळच हाय."

ते पान घेऊन गेले. मी रिकाम्या कपाटासमोर उभी राहिले. इतकी वर्षं वाहिलेली काळजी फुकट गेली म्हणून बरं वाटावं की आपल्याला काहीच कळलं नव्हतं म्हणून वाईट, ते ठरेना. साहेब म्हणाले होते, कशावरून कोणी घेणार नाही? ते निवृत्त होऊन कधीच गेले होते. आणि मला एकदम ती आजी आठवली, चंचीवर हात दाबून बसलेली. सरकारनं बरोबर छापलंय म्हणणारी.

मग माझी नात झाली, रिया. दिवस भरायच्या आधीच झाली. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली, माझ्या तळहातात मावेल एवढी. मुलगा आणि सूनबाई आधीच नाव ठरवून बसले होते, मऊसं, दोन अक्षरी. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. मला आत एकदाच जाऊ दिलं. पदवीधर बाई, निवृत्त ग्रंथपाल, शासकीय प्रकाशने. मी पेटीला तोंड लावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "दगडे. ए दगडे. राहा."

मी असलं काही मानत नाही. आजीही मानत नव्हती.

रिया आता सात वर्षांची आहे आणि कुणाचं ऐकत नाही. आज चहाच्या प्रकरणानंतर बरण्यांची नवी लेबलं करायला ती आणि मी बसलो. तिनं रंगीत पेनानं 'मीट' असं लिहिलं. मी शुद्धिपत्रक काढलं नाही. मैद्याची खळ शिजवली, मोरचूद नाही घातलं, स्वयंपाकघर आहे.

"सगळीकडे नको लावू," मी सांगितलं, "एकाच कडेला."

"मग गळेल ना, आजी."

"गळू दे. परत लावू."

तिनं उरलेल्या कागदावर 'रिया' लिहिलं, वरच्या कडेला खळ फासली आणि स्वतःच्या कपाळावर थापून घेतलं. सूनबाई हसायला लागली. कागद रियाच्या भुवयांवर लोंबत होता. मी चष्मा लावला, पुढे वाकले, एका बोटानं ती चिठ्ठी खालून अलगद उचलली आणि आत पाहिलं.

"आहेस ना गं?"

"हो," ती म्हणाली. "पण आजी, आत काय लिहिलंय?"

मी चिठ्ठी सोडून दिली.